दर रत्तली पाव आणा

आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद हाती येतो आणि पुष्कळ सभासद तो न वाचताच घडी घालून खिशात ठेवतात. कंपन्यांच्या भागधारकांचेही पूर्वापार असेच चालत आले आहे. दुसऱ्याच्या पैशावर कारभार करणाराने हिशेब कोणाला द्यावा, हा प्रश्न मुंबईच्या गिरण्यांत किती काळ लोंबकळत राहिला, हे आपल्या तरुण मंडळींस ठाऊक असावे.

१८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले. भागधारकाचे नुकसान त्याने घेतलेल्या भागांपुरतेच राहू लागले. गिरण्यांना भांडवल मिळणे सुलभ झाले. परंतु संचालक मंडळ बहुधा नावापुरते असे. खरी सत्ता मॅनेजिंग एजंटांच्या पेढीकडे. अनेक गिरण्यांत या पेढीस दर रत्तल सुतामागे पाव आणा कमिशन मिळे. नफा होवो वा तोटा होवो, सूत निघाले की कमिशन पदरात पडले! साहजिकच बाजारात उठाव नसतानाही चात्या फिरत राहत, गुदामे भरत आणि तोट्याचा धनी भागधारक होई. करारही वंशपरंपरेने चालत. गादीवर बसावे तसा मुलगा एजन्सीवर बसे.

या प्रथेस छेद देणारांत जमशेटजी टाटा अग्रभागी होते. १८८६ साली कुर्ल्याची धरमसी गिरणी घेऊन त्यांनी ‘स्वदेशी’ काढली, तेव्हा कमिशन उत्पादनावर न घेता नफ्यावर घेण्याचे ठरविले. त्यांची नागपूरची एम्प्रेस गिरणी कापसाच्या मुलखातच १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. तेथे कामगारांची गैरहजेरी फार असे. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी त्यांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी व १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय केली. सरकारचा भरपाईचा कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, १९२३ साली झाला. यास कोणी दानधर्म म्हणतील. आम्हांस तो शुद्ध व्यवहार वाटतो. ती गिरणी आज चालू नाही, हेही सांगितले पाहिजे.

कायदा मात्र सावकाश आला. १९३६ च्या दुरुस्तीने एजंटांची मुदत २० वर्षांवर आणली व मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला. १९५६ च्या कंपनी कायद्याने बंधने आणखी आवळली आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतीच बंद झाली.

२००९ साली ‘सत्यम’चे खोटे हिशेब उघडकीस आले, तेव्हा संचालक व हिशेबतपासनीस दोघांवरचा विश्वास डळमळला. २०१३ च्या कायद्यातील १६६ व्या कलमाने भागधारकांसह कामगार, समाज व पर्यावरण यांच्या हिताकडे पाहणे हे संचालकाचे कर्तव्य ठरविले. १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले. हे दोन टक्के वर्तमानपत्रांतून गाजले. १६६ वे कलम फारसे कोणी वाचले नाही. वास्तविक पाव आण्याच्या जुन्या तंट्याचे उत्तर त्यातच आहे.