खोलणे आणि बांधणे : पोहरादेवीच्या वाटेवरच्या जीप-पिकअपचा इतिहास

१/ रामनवमीला पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशीम) येथे संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनास देशभरातून बंजारा समाज येतो. या भागातील रस्त्यांवर दीर्घकाळ राबलेल्या जुन्या जीपचे वा पिकअपचे बॉनेट उघडले, तर आतले इंजिन पुष्कळदा मूळचे नसते. असे का, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ बंजारा समाजाचा परंपरागत व्यवसाय वाहतुकीचा. धान्य-मिठाच्या गोणी बैलांच्या पाठीवर लादून तांडे दख्खनभर फिरत. १८०३ च्या मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या सैन्याची रसददेखील तांड्यांवर अवलंबून होती. एक बैल बसला म्हणून तांडा थांबत नसे.

३/ १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि मोठ्या पल्ल्याची मालवाहतूक तांड्यांच्या हातून गेली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे, म्हणजे ‘शकुंतला’, कारंज्यावरून धावू लागली. पण स्थानकापासून गावापर्यंतचा पल्ला उरलाच. तो आधी बैलगाडीने आणि स्वातंत्र्यानंतर हळूहळू मोटारीने भरून काढला.

४/ १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे बदलले. दरम्यान १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली होती.

५/ या जीपचे ‘गो-डेव्हिल’ इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २,२०० सीसीचे. इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसत. वरचे हेड म्हणजे जवळपास एक झाकणच. हेडचे बोल्ट काढले की पिस्टन आणि व्हॉल्व्ह समोर दिसत. रणांगणावर दुरुस्त करता यावी म्हणून घडलेली ही गाडी खेड्यातल्या झाडाखालीही खोलता येई.

६/ त्यानंतरच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. सीजे-३बी जीपचा तो ओळखीचा उंच कपाळाचा चेहरा या एका बदलातून आला. ही जीप भारतात अनेक दशके बनत राहिली.

७/ पुढच्या एफसी मालिकेच्या ट्रकमध्ये चालकाची केबिन थेट इंजिनावर आली. माल ठेवण्यास जागा वाढली, पण इंजिन दोन आसनांच्या मधोमध, झाकणाखाली गेले. हेड उतरवायचे तर मेकॅनिकला केबिनमध्ये वाकून काम करावे लागे. उन्हाळ्यात त्या झाकणाची धग चालकालाही सोसावी लागे.

८/ इंजिन बदलण्याऐवजी ते पुन्हा बांधण्याची सवय मात्र केवळ रचनेमुळे लागली नाही. १९५३ नंतर सरकारने फक्त देशात उत्पादन करू इच्छिणाऱ्या कंपन्यांना वाव दिला. १९२८ पासून मुंबईत जुळणी करणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. आयात दुर्मिळ, नव्या गाडीसाठी प्रतीक्षा लांब. हाती असलेली गाडी टिकवणे हाच मार्ग होता.

९/ त्यातून गॅरेजची भाषा घडली. इंजिन ‘खोलतात’ आणि ‘बांधतात’. वरचे काम, म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, रिंग, ते ‘हाफ इंजिन’. क्रँकपर्यंत सारे उतरवले की ‘फुल इंजिन’. झिजलेला सिलिंडर ‘बोअर’ करून त्यात जाड पिस्टन बसवतात. अशा इंजिनाचे आयुष्य एकच नसते. प्रत्येक बोअरबरोबर नवे सुरू होते.

१०/ या कामाची शिस्त पुस्तकाविना हातोहात चालत आली. उतरवलेले पुशरॉड क्रमाने ठेवायचे, कारण प्रत्येक भाग आपल्या जागेपुरता झिजलेला असतो. व्हॉल्व्ह पेस्ट लावून आपल्याच सीटवर घासायचा. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे; एका कडेने आवळले तर हेड वाकते, गॅसकेट फुटते आणि पाणी ऑइलमध्ये उतरते.

११/ १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले. डिझेल त्या मानाने स्वस्त होते. शेतकऱ्याच्या दारातल्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन ओळखीचे होतेच; सत्तरच्या दशकात खुद्द महिंद्रनेही ट्रॅक्टरच्या इंटरनॅशनल इंजिनावर बेतलेले डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. पुढे प्यूजोच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० इंजिन इगतपुरीत बनू लागले. नावातले ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर.

१२/ जुन्या पेट्रोल जीपही डिझेलवर आणल्या गेल्या. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग निघाले. इंजेक्टर आणि फ्युएल पंप आले. डिझेल इंजिन जड आणि जास्त हादरणारे, म्हणून माउंटिंग नव्याने करावे लागे. गिअरबॉक्सशी जुळवण्यासाठी मध्ये वेगळी प्लेट बसे. एका देशाची चासी, दुसऱ्या देशाच्या आराखड्याचे इंजिन आणि दोहोंना जोडणारी प्लेट तालुक्याच्या लेथवर कातलेली.

१३/ कायद्याच्या दृष्टीने मात्र गाडीची ओळख दोन क्रमांकांत असते : चासीचा आणि इंजिनाचा. दोन्ही आरसी पुस्तकात लिहिलेले असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने अशा फेरफारांवर बंधने घातली. नोंद न करता इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर धावते, पण कागदावर ती दुसरीच गाडी असते.

१४/ आज जुन्या गाड्यांचे हौशी संग्राहक ‘मूळ इंजिन’ असलेल्या जीपला अधिक मोल देतात. संग्रहासाठी ते योग्यही असेल. इतिहासासाठी मात्र उलटे आहे. मूळ इंजिन शाबूत असलेली गाडी फक्त कारखान्याबद्दल सांगते. तीनदा बोअर झालेली, पेट्रोलची डिझेल झालेली गाडी तेलाचे भाव, आयातीचे धोरण आणि मेकॅनिकचे कसब, तिन्ही सांगते.

१५/ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तांड्याची स्मृती जपली जात आहे. तांड्यानंतर या मुलखाचा माल आणि माणसे वाहणाऱ्या गाड्यांची स्मृती आरसी पुस्तकांतल्या खाडाखोडीत, सिलिंडरच्या वाढलेल्या मापांत आणि वृद्ध मिस्त्रींच्या बोलण्यात आहे. भंगारात गेलेल्या प्रत्येक जीपबरोबर या दप्तराचे एक पान कमी होते. (समाप्त)