शिंकणारा ससा आणि पाश्चरचा जंतू

चिक्की घरी आली त्याच्या तिसऱ्या रात्री तिची पहिली शिंक ऐकली. सशाची शिंक तुम्ही कधी ऐकली नसेल तर सांगते. आपल्यासारखा धमाका नसतो. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा बारीक ‘फिस्’ असा आवाज, ओळीने चार-पाच वेळा. मला आणि रूममेटला गंमतच वाटली. मी व्हिडिओसुद्धा काढला.

सकाळी गंमत संपली. डाव्या नाकपुडीखाली पांढरट शेंबूड होता आणि पुढच्या दोन्ही पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झाले होते. ससा पुढच्या पायांनी नाक पुसतो, त्यामुळे नाक स्वच्छ दिसलं तरी पाय चुगली करतात. ते केस एका रात्रीत इतके कडक झाले नसणार, हेही लक्षात आलं. म्हणजे हे आधीपासूनचं होतं.

चिक्की तीन वर्षांची. बदली होऊन दुसऱ्या शहरात निघालेल्या एका कुटुंबाने ती मला दिली होती. देताना काकू म्हणाल्या होत्या, “हिला आजवर कधीच काही झालेलं नाही हं.” आता मला ते वाक्य आठवून संताप येत होता. आजारी जनावर गळ्यात मारलं, असं मी रूममेटला दिवसातून तीनदा तरी ऐकवलं असेल.

त्या दिवशी रविवार. प्राण्यांचे डॉक्टर सापडेनात. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं. “मुलांना चालतं, मग सशाला न चालायला काय झालं?” मी बाटली घेऊन आले, पण किती द्यायचं ते कळेना म्हणून उघडली नाही. माझ्या आयुष्यातल्या आळसांपैकी हा सगळ्यात उपयोगी ठरलेला आळस.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती बाटली आधी टेबलावरून बाजूला सरकवली. “हे पोटात गेलं असतं तर सर्दीने नाही, याने मेली असती.” सशाचं पोट म्हणजे गवत आंबवणारी टाकीच असते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली की त्या टाकीतले उपयोगी जंतू मरतात, विष तयार करणारे माजतात आणि ससा काही दिवसांत जातो. गंमत अशी की १९२९ साली फ्लेमिंगने पेनिसिलिनवरचा पहिला निबंध लिहिला, तेव्हा ते एका सशाच्या शिरेतच टोचून पाहिलं होतं आणि सशाला काही झालं नव्हतं. शिरेतून आणि तोंडातून यांतला फरक कळायला पुढे बरीच जनावरं खर्ची पडली.

मग डॉक्टरांनी नाकातून स्वॅब घेतला. “बहुतेक पाश्चुरेला असेल. बोर्डेटेला किंवा स्टॅफही असू शकतो. कल्चर येईपर्यंत ती खाते आहे की नाही तेवढं बघा. बारा तास काही खाल्लं नाही तर फोन करा. आणि ससा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने नाही. त्यामुळे नाक चोंदणं ही त्याच्यासाठी साधी गोष्ट नाही.”

रात्री आईला फोनवर ‘पाश्चुरेला’ सांगितलं तर तिला बोध झाला नाही. पण मी वाचत गेले तशी मलाच एक गोष्ट सापडली. “आई, तात्यांची म्हैस कशाने गेली होती गं?”

“घटसर्पाने. त्या वर्षी पावसाळ्याआधी लस टोचायची राहिली होती. घसा सुजला आणि दुसऱ्या दिवशी गेली. का गं?”

जनावरांचा घटसर्प करणारा जंतूही पाश्चुरेला मल्टोसिडाच. माणसाच्या घटसर्पाचा जंतू वेगळा, नाव तेवढं एक. चिक्कीच्या नाकातला आणि तात्यांच्या गोठ्यातला जंतू एका जातीचे, वाण वेगळे. इथून मी त्या जंतूच्या इतिहासात शिरले, कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री जागायला काहीतरी हवंच होतं.

*

आधी सशाबद्दल. आपल्या गोष्टींतला, कासवाशी शर्यत हरणारा ससा आणि माझ्या बाल्कनीतला ससा हे एक नव्हेत. माळावर झुडपाआडून टुणकन पळतो तो आपला रानससा. तो बीळ करत नाही, कळपाने राहत नाही. पिंजऱ्यात मिळतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं खणून दाटीवाटीने राहणारा प्राणी. मराठीत दोघांना एकच शब्द आहे. हा फरक पुढे कामाला येतो, कारण दाटीवाटीने राहणाऱ्याची दुखणीही दाटीवाटीचीच असतात.

जंतूची गोष्ट मात्र सशापासून नव्हे, कोंबड्यांपासून सुरू होते. १८७९ साली लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. त्याचा जंतू तूलूझच्या तूसाँ या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकाने त्याला पाठवला होता. जुनं झालेलं कल्चर टोचलं तर कोंबड्या मरत नाहीत, उलट पुढच्या टोचणीला तग धरतात, हे त्यातून दिसलं. प्रयोगशाळेत जंतू दुबळा करून लस बनवण्याची सुरुवात इथली. पाठ्यपुस्तकात एवढंच असतं.

पाठ्यपुस्तकात नसतं ते पाश्चरचं १८८० सालचं एक निरीक्षण. तोच जंतू गिनीपिगला टोचला तर तो मरत नाही; फक्त एक गळू होतं. गिनीपिग खातो-पितो, हिंडतो. पण त्या गळवात जंतू जिवंत असतो. अशा गिनीपिगांसोबत कोंबड्या आणि ससे ठेवले, तर ते अचानक आजारी पडून मरू शकतात आणि गिनीपिगाच्या तब्येतीत काहीच फरक दिसत नाही, असं पाश्चरने लिहून ठेवलं. बघणाऱ्याला वाटावं, रोग आकाशातून पडला. धडधाकट दिसणारा प्राणी रोग सांभाळत असतो, ही कल्पना तिथे स्पष्ट मांडलेली आहे.

पण खुद्द पाश्चरला त्या जंतूत आधी दुसरंच काहीतरी दिसलं. ससे त्याने पटापट मरतात, हे.

*

१८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले चोवीसेक ससे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामध्ये सोडले. तीस वर्षांच्या आत त्यांनी कुरणंच्या कुरणं फस्त केली. १८८७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सरकारने सशांचा नायनाट करणारा नवा उपाय शोधणाऱ्याला २५,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. पाश्चरने ते वाचलं आणि पॅरिसच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: विषाने काय होणार? विष वाढत नाही. रोग वाढतो. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू वापरा.

चाचणीची जागाही चालून आली. रीम्समधल्या पॉमरी या शँपेनवाल्या बाईंच्या तळघरांवरच्या आवारात हजारावर ससे होते आणि ते बिळं खणून जमीन पोखरत होते. डिसेंबर १८८७ मध्ये पाश्चरच्या बायकोचा भाचा आद्रियाँ ल्वार तिथे गेला आणि सशांच्या चाऱ्यावर जंतूचं कल्चर शिंपडून आला. काही दिवसांत जमिनीवर मेलेले ससे दिसू लागले आणि बाकीचे बिळांतच मेले.

१८८८ च्या वसंतात ल्वार सिडनीला पोहोचला. बंदरातल्या रॉड आयलंड या छोट्या बेटावर प्रयोगशाळा उभी राहिली. चौकशी आयोगाने तिथे चाचण्या घेतल्या आणि उत्तर आलं: ज्यांनी दूषित चारा खाल्ला ते ससे मेले. पण मेलेल्यांपासून बाकीच्यांना रोग पुरेसा पसरला नाही. शिवाय पक्ष्यांना धोका होताच. उपाय फेटाळला गेला. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

हे वाचताना मी थांबले. शेजारी चिक्की शिंकत होती. ज्या जंतूला एका खंडातले ससे संपवायला बोटीने पाठवलं होतं, तोच बहुधा तिच्या नाकात होता आणि ती कोथिंबीर खात होती. मला यातून जे समजलं ते असं: रक्तात शिरला की हा जंतू एक-दोन दिवसांत सशाला मारतो आणि म्हणून स्वतःही अडकतो. नाकात राहिला तर वर्षानुवर्षं राहतो आणि शिंकेवर स्वार होऊन शेजारच्या सशाकडे जातो. पाश्चरने मारणाऱ्या रूपावर भिस्त ठेवली. टिकणारं रूप दुसरंच होतं.

*

याच सुमारास, १८८७ मध्ये, या जंतूंच्या गटाला पाश्चरच्या सन्मानार्थ ‘पाश्चुरेला’ हे नाव सुचवलं गेलं. आपल्याकडे त्या नावाचा एक भयंकर नातेवाईक येऊन गेला आहे. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगचा जंतू पुढे कित्येक दशकं ‘पाश्चुरेला पेस्टिस’ म्हणून ओळखला जात होता. आज त्याला यर्सिनिया म्हणतात. त्यावरची लस पाश्चर संस्थेतून आलेल्या हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केली. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती स्वतःला टोचून घेतली, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याआधी ती सशांना टोचली होती. १८८५ ची पाश्चरची रेबीजची लसही सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूतूनच आलेली. तोवर ससा एक तर उपद्रव होता किंवा उपकरण. तो स्वतः का शिंकतो, याकडे बघायला फारसं कुणाला कारण नव्हतं.

कारण मिळालं ते उपकरणं बिघडायला लागली म्हणून. प्रयोगशाळांतले ससे शिंकत, नाकं गाळत, मध्येच न्यूमोनियाने मरत आणि चालू प्रयोगाचा विचका होई. इंग्रजीत या दुखण्याला ‘स्नफल्स’ म्हणत. १९२४ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली वेबस्टरने यावर निबंधांची एक मालिकाच लिहिली. त्याने शिंकणाऱ्या सशांची नाकं तपासली, तशी न शिंकणाऱ्यांचीही तपासली. या जंतूचं तेव्हाचं नाव ‘बॅक्टेरियम लेपिसेप्टिकम’. तो आजारी नाकांत सापडला, यात नवल नव्हतं. पण कसलंही लक्षण नसलेल्या सशांच्या नाकांतही सापडला.

वेबस्टरचा प्रश्न मग बदलला. जंतू कुठून आला, हा नाही. जंतू असूनही अमुक ससा आज आजारी का आणि कालपर्यंत ठणठणीत का? त्याचा रोख जंतूच्या बदलत्या जोरापेक्षा सशाच्या प्रतिकारशक्तीकडे आणि त्याला किती जंतू मिळाले याकडे होता. १९३९ मध्ये कोंबडीचा, म्हशीचा, सशाचा अशी प्राण्यागणिक पडलेली नावं एकत्र करून ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ हे एकच नाव सुचवलं गेलं. मल्टोसिडा म्हणजे अनेकांना मारणारा. खरं तर ‘अनेकांकडे मुकाट राहणारा’ हे नावही शोभलं असतं.

आमच्या कामात याचा एक भाऊबंद असतो. सिस्टीम तीन वर्षं नीट चालते, मग ती नव्या सर्व्हरवर हलवली की कोसळते. सगळे नव्या सर्व्हरला शिव्या देतात. दोष पहिल्या दिवसापासून कोडमध्येच असतो. फक्त त्याला बाहेर पडायला निमित्त मिळालेलं नसतं. बग नसणं आणि बग न दिसणं यांत फरक आहे, हे मी नव्या मुलांना शिकवते. स्वतःच्या घरात मात्र विसरले होते.

*

रिपोर्ट आला: पाश्चुरेला मल्टोसिडा. डॉक्टरांनी एन्रोफ्लॉक्सॅसिन दिलं, तेही कित्येक आठवडे. सोबत नेब्युलायझर. पिंजऱ्यातला भुसा काढून टाकायला सांगितला, गवत झटकून द्यायला सांगितलं, कारण धूळ नाकाला छळते. आणि लघवीचा ट्रे रोज धुवायला सांगितला, कारण अमोनिया त्याहून छळतो. “पूर्ण जाईल का?” मी विचारलं. “शिंका जातील. जंतू जाईलच असं नाही. घर बदललं, गाडीचा प्रवास झाला, माणसं बदलली. एवढा ताण त्याला डोकं वर काढायला पुरतो.”

घर, गाडी, माणसं. हे तिन्ही मीच बदललं होतं.

ससे एकटे ठेवू नयेत म्हणून चिक्कीसाठी जोडीदार आणायचा माझा बेत होता. तो तूर्त रद्द केला. एखादा आधीच जंतू बाळगणारा ससा भेटला तर डॉक्टर विचार करू म्हणालेत. तोवर ऑफिसचे कॉल मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून घेते. सातव्या आठवड्यात पायांचे केस मऊ झाले. पाऊस लागला की अजून एखाद-दुसरी शिंक येते आणि मी हातातलं काम टाकून पायांचे केस तपासते.

आणि एक फोन केला. काकूंना. त्यांच्या आवाजात आधी धास्ती होती; मी परत द्यायला फोन केलाय असं त्यांना वाटलं असावं. मी सगळं सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “खरंच गं, आमच्याकडे कधी शिंकली नाही ती.”

“माहितीये, काकू,” मी म्हणाले. “तुम्ही खरंच सांगत होतात.”