विजेची गिटार आणि तिचें लांकूड

तंतुवाद्याचा गोडवा त्याच्या लांकडांत असतो, असें आपण पिढ्यानुपिढ्या मानीत आलों आहों. तंबोऱ्याचा भोपळा, सतारीचें तुनी लांकूड, व्हायोलिनची पातळ फळी यांविषयीं तें मत यथार्थच होय. कारण तेथें तार केवळ प्रेरणा देते आणि हवा हलविण्याचें खरें काम पोकळ पेटी करीत असते. परंतु हाच न्याय विजेच्या गिटारीला लावतां येईल काय?

या गिटारींत तारांखालीं चुंबक असतात व त्यांभोवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार हलली कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें, वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा नाद करतो. या व्यवहारांत लांकडाला प्रत्यक्ष स्थान नाहीं. अमेरिकेंत जॉर्ज बोचम यानें सिद्ध केलेली आणि १९३२ सालीं विक्रीस आलेली विजेची गिटार तर ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती! धातु उष्णतेनें प्रसरण पावतो आणि सूर ढळतो, ही मात्र तिची उणीव होती.

मग लांकूड आलें कसें? त्या दशकांत पोकळ गिटारींनाही चुंबक जोडूं लागले. पण ध्वनिवर्धकाचा आवाज वाढविला कीं तो पोकळ पेटीलाच पुन्हा कंप देई आणि वाद्य घोंगावूं लागे. यावर उपाय म्हणून लेस पॉल या वादकानें १९४० च्या सुमारास पाइनच्या भरीव चौकोनी ओंडक्यावर तारा चढविल्या. तो ओंडका गिटारीसारखा दिसावा म्हणून त्याला दोहों बाजूंनीं एका जुन्या गिटारीचे अर्धे भाग जोडले. त्या भागांचा उपयोग दिसण्यापुरता होता. मधल्या लांकडाकडून अपेक्षा एवढीच होती कीं त्यानें गप्प राहावें.

पुढें कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें १९५० सालीं भरीव गिटार बाजारांत आणली. आरंभींचे नमुने पाइनचे होते. नंतर अ‍ॅश आलें. १९५६ पासून बहुतेक गिटारींना आल्डर वापरूं लागले, कारण तें सहज मिळे आणि त्याचे रंध्र बुजविण्याचा खटाटोप न करतां त्यावर रंग बसे. गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं महोगनीवर मेपलची जाड फळी चिकटवून आपली गिटार काढली. आज ‘अ‍ॅशचा टणत्कार’ आणि ‘महोगनीचा ऊबदार स्वर’ असें रसिक बोलतात; पण या दोन गिटारींत तारेची लांबी निराळी, चुंबकांची घडण निराळी, एकीची मान स्क्रूनें बसविलेली तर दुसरीची चिकटविलेली. एवढे भेद असतां सारें श्रेय एकट्या लांकडाला कसें द्यावें?

तथापि लांकूड अगदींच निष्क्रिय आहे, असेंही नव्हे. तार ज्या टोकांवर ताणलेली असते, तीं टोकें लांकडाला धरून असतात. मानेचा स्वतःचा कंप एखाद्या स्वराशीं जुळला, तर तारेची शक्ति ती शोषून घेते आणि तो स्वर लवकर मावळतो. वादक अशा जागांना ‘मृत जागा’ म्हणतात. परंतु हा गुणदोष त्या विशिष्ट मानेच्या वजनाचा व ताठपणाचा. झाडाच्या नांवावरून तो वर्तवितां येत नाहीं.

श्रोतेहो, हा वाद केवळ शौकिनांचा राहिलेला नाहीं. गिटारीच्या मानेवरील पट्टीसाठीं ब्राझीलचें शिसव इतकें प्रिय होतें कीं १९९२ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. अर्थात् ही तूट गिटारीमुळेंच पडली नव्हती, फर्निचराचा वांटाही मोठा होता. त्यापूर्वींच, १९६० च्या दशकांत, कारखानदार भारतीय शिसवाकडे वळले होते. आपल्या सह्याद्रींत वाढणारें, आणि जुन्या वाड्यांतून पलंग व देव्हारे होऊन बसलेलें, तेंच हें शिसव! २०१७ सालीं शिसवाच्या साऱ्या जातींच्या व्यापारास परवान्याचें बंधन आलें. तयार वाद्यांना त्यांतून २०१९ सालीं सूट मिळाली. इकडे अमेरिकेंत अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ सालीं आढळला आणि पसरत गेला. भुंगेरा व मिसिसिपीचे पूर यांमुळें २०२० सालीं फेंडर कंपनीनें अ‍ॅशचा वापर बव्हंशीं आवरता घेतला.

ज्यांनीं हें वाद्य घडविलें, त्यांनीं हाताशीं आलेलें, स्वस्त आणि सोयीचें लांकूड घेतलें. त्यावर अजरामर संगीत निर्माण झालें, आणि मग त्या लांकडालाच मोल चढलें. दुर्मिळ झाडावांचून हा नाद उमटणार नाहीं, असें या वाद्याचा इतिहास कोठेंही सांगत नाहीं. साध्या पाइनच्या ओंडक्यावर ज्याचा जन्म झाला, त्या वाद्यासाठीं एखादें अरण्य उजाड होऊं द्यावें काय, याचा निर्णय ऐकणाऱ्यांनींही करावयाचा आहे.