109 दिवसांचं मंत्रिमंडळ आणि सत्तेचा वाटा

निवडणूक आली की आपल्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न फिरतो : "सत्तेत आपला वाटा किती?" हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने मुंबई प्रांताचा 1937 चा इतिहास वाचायला हवा.

1935 च्या कायद्यानुसार फेब्रुवारी 1937 मध्ये निवडणुका झाल्या. विधानसभेच्या 175 पैकी 86 जागा काँग्रेसने जिंकल्या. पण गव्हर्नरने आपले विशेषाधिकार वापरणार नाही अशी हमी द्यावी, ही तिची अट होती. ती मान्य होईना, म्हणून काँग्रेसने सरकार बनवायला नकार दिला. मग 1 एप्रिलला धनजीशा कूपर यांचं मंत्रिमंडळ आलं. त्यात जमनादास मेहता, सिद्दप्पा कांबळी आणि हुसेनअली रहिमतुल्ला होते. कोणी टिळकपंथी, कोणी ब्राह्मणेतर चळवळीतले. समान कार्यक्रम नव्हता, बहुमत तर नव्हतंच. तरीही ते 109 दिवस टिकलं, कारण या काळात त्याला सभागृहाला सामोरं जावंच लागलं नाही. 19 जुलैला बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि कूपर गेले.

याची किंमत कोणी मोजली? बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने 17 उमेदवार उभे करून त्यातले बहुतेक निवडून आणले होते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातून जिवाप्पा ऐदाळे निवडून गेले होते. लोकांनी मत दिलं, प्रतिनिधी निवडला, पण त्याला बोलायला सभागृहच नव्हतं. मंत्र्यांना खुर्ची होती, त्यांना जाब विचारायची जागा मात्र बंद होती.

कूपर मंत्रिमंडळात बाबासाहेब नव्हते, त्यांच्या पक्षाचा कोणीही नव्हता. पण सभागृह सुरू झाल्यावर काय घडलं ते पाहा. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप झाला. हे सगळं विरोधी बाकांवरून!

आज संविधानाच्या कलम 164 नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. लोकशाहीचा कणा हाच आहे.

म्हणून मित्रांनो, युतीची बोलणी करताना मंत्रिपद नंतर मागा. आधी विचारा : कार्यक्रम कोणता? सभागृहात आपला माणूस कोणाच्या बाजूने बोलणार? कूपर मंत्रिमंडळातले मंत्री आज किती जणांना आठवतात? खोतीविरुद्धचा लढा मात्र कोकण विसरलेलं नाही.

जय भीम!