मराठी चित्रपटांतील अपंग तरुणांचे चित्रण

मराठी चित्रपटांतील अपंग तरुणांचे चित्रण या विषयात शारीरिक, बौद्धिक किंवा मनोसामाजिक अपंगत्व असलेल्या तरुण व प्रौढ पात्रांच्या मैत्री, प्रेम, सहजीवन आणि स्वावलंबनाविषयीच्या आकांक्षा चित्रपटांतून कशा मांडल्या गेल्या याचा समावेश होतो. मराठी भाषेतील चित्रपटांबरोबरच मराठी दिग्दर्शकांनी हिंदीत केलेली निर्मितीही या परंपरेचा भाग मानता येते. पुणे शहराशी या परंपरेचा निकटचा संबंध आहे. सई परांजपे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांची जडणघडण किंवा कार्य पुण्यात झाले असून 'यलो' या चित्रपटाची नायिका गौरी गाडगीळ हीदेखील पुण्याची आहे.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार मान्य करण्यात आले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ही संख्या २१ झाली. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

अपंग व्यक्तीच्या लैंगिकतेचा व शरीरावरील अधिकाराचा प्रश्न महाराष्ट्रात १९९४ साली तीव्रतेने पुढे आला. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहात राहणाऱ्या बौद्धिकदृष्ट्या अक्षम स्त्रियांवर त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता हे त्याचे एक कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी या शस्त्रक्रियांना विरोध केला आणि देशभर वाद झाला. २०१६ च्या अधिनियमातील कलम १० नुसार अपंग व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही. कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे.

मराठी रंगभूमीवर जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' या नाटकाने मतिमंद मुलगा व त्याचे आईवडील यांच्या जीवनातील ताण मांडला. 'मतिमंद' हा त्या काळी रूढ असलेला शब्द आता मागे पडला असून त्याऐवजी 'बौद्धिक अक्षमता' ही संज्ञा वापरली जाते.

प्रमुख चित्रपट

स्पर्श (१९८०)

सई परांजपे दिग्दर्शित या हिंदी चित्रपटात अनिरुद्ध परमार हा अंध मुख्याध्यापक (नसीरुद्दीन शाह) आणि कविता ही तरुण विधवा (शबाना आझमी) यांचे नाते चित्रित केले आहे. चित्रपटाची प्रेरणा दिल्लीतील एका अंधशाळेच्या कामातून मिळाली आणि शाळेतील अंध विद्यार्थ्यांनी त्यात भूमिका केल्या. अनिरुद्धला कोणी 'बिचारा' म्हटलेले किंवा न मागता मदत केलेली खपत नाही. कविताशी विवाह ठरल्यावर तिचे प्रेम हा त्याग तर नाही ना, ही शंका त्याला ग्रासते. संघर्षाचे मूळ अंधत्वात नसून उपकृत होण्याच्या भीतीत आहे, हे या कथेचे वैशिष्ट्य होय. गंध, आवाज आणि स्पर्श यांतून फुलणारी जवळीक चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. २७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'स्पर्श'ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता व सर्वोत्कृष्ट पटकथा हे पुरस्कार मिळाले.

चौकट राजा (१९९१)

संजय सूरकर दिग्दर्शित या चित्रपटाची निर्मिती स्मिता तळवलकर यांनी केली. बालपणीच्या अपघातामुळे बौद्धिक वाढ खुंटलेला नंदू (दिलीप प्रभावळकर) आणि त्याची बालमैत्रीण मीनल (स्मिता तळवलकर) यांची अनेक वर्षांनी पुन्हा भेट होते. विवाहित स्त्रीने अशा प्रौढ पुरुषाशी निरागस स्नेह ठेवावा की नाही, हा तिच्या संसारात वादाचा विषय ठरतो. नंदूच्या आईची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. वय प्रौढ असले तरी समाज ज्याला मूलच समजतो, अशा व्यक्तीच्या मैत्रीचा हक्क हा चित्रपटाचा विषय आहे.

देवराई (२००४)

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर या जोडीच्या या चित्रपटात छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) झालेला शेष (अतुल कुलकर्णी) आणि त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) यांची कथा आहे. आजार हा शाप किंवा वेड नसून उपचार व आधार यांच्या साहाय्याने रुग्ण अर्थपूर्ण जीवन जगू शकतो, अशी मांडणी त्यात आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेचे संस्थापक जगन्नाथ वाणी यांचा चित्रपटाच्या निर्मितीत सहभाग होता.

यलो (२०१४)

महेश लिमये दिग्दर्शित हा चित्रपट डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या जीवनावर आधारित आहे. मोठ्या वयातील गौरीची भूमिका तिने स्वतः, तर लहानपणीची भूमिका संजना राय हिने केली. मृणाल कुलकर्णी यांनी आईची व उपेंद्र लिमये यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रपटाला परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला, तसेच दोन्ही अभिनेत्रींचा विशेष उल्लेख करण्यात आला.

कासव (२०१६)

भावे–सुकथनकर यांच्याच या चित्रपटात आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक नैराश्यग्रस्त तरुण (आलोक राजवाडे) कोकण किनाऱ्यावर जानकी (इरावती हर्षे) हिच्या घरी आश्रय घेतो. जानकी त्याला नाव किंवा भूतकाळ सांगण्याचा आग्रह करीत नाही. समुद्री कासवांच्या संवर्धनाच्या पार्श्वभूमीवर कोणताही दावा न सांगणारी मैत्री येथे दिसते. मानसोपचारतज्ज्ञ असलेले अभिनेते मोहन आगाशे यांनी यात भूमिका केली व निर्मितीतही भाग घेतला. चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

जवळिकीचा प्रश्न

वरील मराठी चित्रपटांत मैत्री, कुटुंबाचा आधार व कर्तृत्व यांना मोठे स्थान आहे. अपंग व्यक्तीची लैंगिक इच्छा मात्र क्वचितच कथेच्या मध्यभागी येते. 'यलो'मध्ये स्वावलंबनाचे मोजमाप क्रीडायश हे आहे, तर 'चौकट राजा'मध्ये स्नेहाची निरागसता अधोरेखित केली जाते. 'स्पर्श'मधील नायक शिक्षित, नोकरदार आणि अधिकारपदावरील असल्याने त्याच्या प्रेमाचा प्रश्न तुलनेने मोकळेपणाने मांडला गेला.

शोनाली बोस दिग्दर्शित 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' (२०१४) या चित्रपटाने हा विषय थेट हाताळला. सेरेब्रल पाल्सी असलेली लैला (कल्की केकला) दिल्लीहून शिक्षणासाठी न्यूयॉर्कला जाते व स्वतःच्या लैंगिकतेचा शोध घेते. तेथे खानुम या अंध तरुणीशी (सयानी गुप्ता) तिचे प्रेमसंबंध जुळतात. लैलाची आई (रेवती) महाराष्ट्रीय दाखवली आहे. मुलीची आंघोळ, कपडे यांसह सारी शुश्रूषा करणारी आई आणि खासगीपणा मागणारी प्रौढ मुलगी यांच्यातील तणाव हा कथेचा महत्त्वाचा पदर आहे.

कलावंतांची निवड व न्यायालयीन भूमिका

अपंग पात्रे बहुतांशी अपंग नसलेल्या कलावंतांनी साकारली आहेत. 'स्पर्श'मधील विद्यार्थी आणि 'यलो'मधील गौरी गाडगीळ हे त्याला ठळक अपवाद होत. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवरील निकालात दृश्यमाध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. अपंगत्वाची टिंगल करणारा विनोद आणि अपंगत्व समजून घेण्यास मदत करणारा विनोद यांत न्यायालयाने भेद केला. अपंग व्यक्तींना वगळून त्यांच्याविषयी निर्णय घेऊ नयेत, या तत्त्वाचाही त्यात समावेश आहे.

चित्रपटगृहात अंध व कर्णबधिर प्रेक्षकांना चित्रपट पाहता यावा यासाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये ध्वनिवर्णन व मथळे यांसंबंधी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या.