रूपमतीचे कुळ

बागलीच्या परिसरात उगम पावणारी कालीसिंध नदी उत्तरेस वाहत सारंगपुरास जाते. वर्गात नकाशावर ही नदी दाखविताना आमचे बोट सारंगपुराशी क्षणभर थांबल्यावाचून राहत नाही. माळव्याचा सुलतान बाजबहादूर आणि गायिका रूपमती यांच्या प्रेमकथेचा शेवट तेथेच झाला.

या कथेतील इतिहास थोडका आहे. १५५५ च्या सुमारास गादीवर आलेला बाजबहादूर राज्यकारभारापेक्षा संगीतात अधिक रमला. १५६१ मध्ये अधमखानाच्या मोगल सैन्याने सारंगपुराजवळ त्याचा पराभव केला. सुलतान निसटला, रूपमती शत्रूच्या हाती सापडली आणि अधमखानाच्या अधीन होण्याऐवजी तिने विष घेतले.

रूपमती कोण होती? अबुल फझलच्या 'अकबरनाम्या'त ती सुलतानाच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांतील अग्रगण्य म्हणून येते. लोकांना मात्र एवढ्याने समाधान वाटले नाही. लोककथेने तिला नर्मदाकाठच्या धरमपुरीच्या राजपूत सरदाराची कन्या केले. मांडवगडच्या वास्तूंचेही तसेच झाले. बाजबहादुराचा म्हणून दाखविला जाणारा महाल त्याच्या कितीतरी आधी, नासिरुद्दीन खलजीच्या काळी उभा राहिला होता. आणि 'रूपमतीचा मंडप' हे मुळात टेहळणीचे ठाणे होते.

लोककथेस आम्ही खोटी म्हणून हिणवीत नाही. परंतु तिला रूपमतीचे कुळ उंचवावेसे का वाटले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सुलतानाचे मन एका सामान्य गायिकेवर जडावे, हे समाजाच्या पचनी पडत नाही. म्हणून प्रेमाला आधी कुळाचा दाखला मिळवून द्यावा लागतो. तो दाखला मिळाला की दोघांमधील अंतर मिटले, असे आपण मानतो.

खरे अंतर याहून निराळे होते. पराभव झाल्यास जनान्यातील स्त्रियांना ठार करावे, अशी आज्ञा बाजबहादुराने देऊन ठेवली होती, असे अबुल फझलच लिहितो. प्रियकराची आज्ञा आणि विजेत्याची अभिलाषा यांच्यामध्ये रूपमतीस निवडीला केवढीशी जागा उरली? बाजबहादुराला मात्र ती होती. तो वर्षानुवर्षे भटकला, १५७० मध्ये अकबरास शरण गेला, मनसबदार झाला आणि दरबारातील गायकांत त्याचे नाव नोंदले गेले. कला दोघांचीही होती. पण तिच्या आधारे पुन्हा उभे राहण्याची संधी एकालाच मिळाली.

आमच्यासारख्या शिक्षकांनी ही कथा मुलांना अवश्य सांगावी. मात्र रूपमती राजकन्या होती म्हणून थोर, असे सांगू नये. ती गायिका होती, एवढेच सांगावे. तिच्या थोरवीला कुळाचा टेकू लागत नाही.