जे उरले नाही, त्याचे वजन

डेन्मार्कच्या उत्तरेकडच्या लिमफ्योर्ड खाडीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रश्न होता तो पोटाचा, आणि तोही माशांच्या. प्लेस या चपट्या माशाची पिल्ले दाटीच्या जागेवरून उचलून आतल्या पाण्यात सोडली जात. तिथल्या तळाशी त्यांना पुरेल एवढे खाद्य होते का? सी. जी. योहानेस पेटरसन यांनी त्यासाठी लोखंडी जबडाच बनवला. तो ठरावीक क्षेत्रफळाचा गाळ उचलून आणी. मग त्यातले शिंपले आणि किडे निवडून तोलायचे.

त्यांचे सहकारी पेटर बॉयसन येन्सन यांना हे तोलणे अपुरे वाटले. जबड्यात येतो तो शिल्लक माल. मधल्या काळात जो खाल्ला गेला, त्याचे काय? त्यांनी १९१९ साली मांडलेली रीत साधी होती. समजा, एकेक ग्रॅमचे १००० शिंपले वर्षभराने तीन-तीन ग्रॅमचे ४०० उरले. वजन वाढलेले दिसते फक्त २०० ग्रॅम. पण गेलेले ६०० सरासरी दोन ग्रॅमचे धरले, तर आणखी १२०० ग्रॅम मांस तयार होऊन संपले होते. खरे उत्पादन १४०० ग्रॅम.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या होरोकिवी ओढ्यात के. आर. ॲलन यांनी हाच हिशेब ट्राउट माशांना लावला. एका अक्षावर सरासरी वजन, दुसऱ्यावर संख्या. वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे उत्पादन. १९५१ च्या त्यांच्या अहवालातून मात्र भलतेच निघाले. माशांना वर्षाला लागणारे अन्न तळाशी एका वेळी सापडणाऱ्या किड्यांच्या ४० ते १५० पट होते!

आकडा चुकला, असे म्हणून तो सोडून देणे सोपे होते. त्याऐवजी पुढच्या संशोधकांनी ‘ॲलनचा विरोधाभास’ म्हणून तो उराशी धरला, आणि ओढ्यांच्या अभ्यासाला त्याचा फायदाच झाला. किड्यांच्या पिढ्या झपाट्याने पालटतात, त्यामुळे वर्षाची उलाढाल शिलकीच्या कितीतरी पट होते. काही किडे गोट्यांखाली खोलवर राहतात, तिथवर जाळी पोचतच नाही. काठावरून पाण्यात पडणारे किडे तर या हिशेबात धरलेलेच नव्हते.

अलेक्झांडर ह्युरिन यांनी १९९६ साली न्यूझीलंडच्याच सटन ओढ्याचा जमाखर्च मांडला, तेव्हा तो जेमतेम जुळला: तिथले ट्राउट ओढ्यात तयार होणारे जवळपास सगळेच खाद्य फस्त करत होते.